बॅटरी हिंगोलीला होती तेव्हा

लेकरांनो,

धाकटीचं पत्र मागच्या महिन्यात आलं. ती शिकते त्या गावात तिथल्या लोकांनीच चालवलेलं एक छोटं रेडिओ केंद्र आहे. शनिवारी सकाळी ती तिथे बातम्या वाचते आणि शाळेतल्या मुलांना बातमी कशी पारखायची तेही शिकवते, असं तिनं लिहिलं आहे. पत्राच्या शेवटी विचारलं आहे, 'आजी, तुमच्या वेळी खोटी बातमी तुम्ही कशी ओळखायचा?' मी उलट टपाली एका ओळीत कळवलं की ओळखत नव्हतो. ते खरं होतं, पण अपुरं होतं. तेव्हा माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. आता उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय आणि जुन्या वहीतली पेन्सिलीची अक्षरं पुन्हा दिसायला लागली आहेत. म्हणून सगळं नीट लिहून पाठवते आहे. थोरल्यानंही वाचावं. त्याला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. लागू दे.

मी लग्न होऊन ज्या गावात आले ते हिंगोलीहून पुसेगावला जाताना लागतं. त्या काळी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि शाळा उर्दू होती. माझे वडील अकोल्याला इंग्रजी शाळेत मास्तर होते, त्यामुळे मी मॅट्रिक झाले होते. सासरच्या गावात इंग्रजी कळणारी मी एकटीच. पहिली काही वर्षं त्या इंग्रजीचा उपयोग औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचण्यापलीकडे झाला नाही.

महायुद्ध सुरू झाल्यावर वडिलांनी मला रेडिओ दिला. लाकडी पेटी, पुढे कापडाची जाळी, आत काचेचे व्हॉल्व्ह. गावात वीज नव्हती, म्हणून तो मोटारीत असते तसल्या जड बॅटरीवर चालायचा. ती बॅटरी दहा-बारा दिवसांत उतरायची. मग ती हिंगोलीच्या एका जिनिंग कारखान्यात न्यायची, तिथल्या इंजिनावर भरून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत आणायची. आमच्या घरचे बैल दर वेळी मोकळे नसत. दोन वेळा रेडिओ महिनाभर मुका राहिला, तेव्हा गावानंच पाळी लावली. ज्याची पाळी त्याची गाडी. कुणबी, माळी, तांड्यावरचे नाईक, सगळ्यांची पाळी ठरली. कोणी पाळी चुकवल्याचं मला आठवत नाही. एका म्हाताऱ्याच्या धोतरावर बॅटरीतलं आम्ल सांडून भोकं पडली, तर तो ते धोतर नेसून गावभर हिंडला. 'हे रेडिओचं भोक हाय,' असं सांगायचा.

गावातल्या पिंजाऱ्याकडे गाडी नव्हती. त्याला आम्ही सगळे चाचा म्हणत असू. तो आणि त्याची बायको जुन्या गाद्यांचा, रजयांचा कापूस पिंजून द्यायचे. गाडी नाही म्हणून पाळीतून सुटायचं, हे त्याला पटेना. त्यानं बॅटरीच्या टोपलीत घालायला कापसाची जाड चौकोनी गादी करून दिली, म्हणजे गाडीच्या हिसक्यांनी आम्ल सांडू नये. ती वर्षभरात आम्लानं चाळणीसारखी व्हायची. दर दसऱ्याला तो नवी आणून द्यायचा, न मागता.

संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला आमची ओसरी भरायची. हैदराबादहून उर्दू बातम्या लागत, त्या पुष्कळांना कळत. मुंबईहून मराठी. दिल्लीचं आणि लंडनचं इंग्रजी मी ऐकायची आणि दाराच्या आत उभी राहून मराठीत सांगायची. चारही ठिकाणचं एकाच गोष्टीबद्दलचं बोलणं निराळं असायचं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा लोकांना वाटलं की माझं इंग्रजी कच्चं आहे.

युद्धाच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी अशी आवई उठली की सरकार फौजेसाठी बैल ओढून नेणार. दोन घरांनी चांगले बैल पडत्या भावात विकले. मी आठ दिवस चारही केंद्रं ऐकली, कुठेही तसं काही नव्हतं. तेव्हापासून मी वही सुरू केली. पानावर तीन रकाने आखायचे. काय ऐकलं, कुठून ऐकलं, आणि स्वतः डोळ्यांनी पाहणारा माणूस कोण. पहिले दोन रकाने रोज भरत. तिसरा बहुतेक कोराच राहायचा. ओसरीवर कोणी काही सांगितलं की मी आतून विचारायची, 'तिसऱ्या रकान्यात कोणाचं नाव घालू?' लोक हसत, पण उत्तर द्यायला लागले होते.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नाही, किंवा आली आणि मी ती चालू दिली. आमच्या ओसरीवर बसून ऐकलेलं सगळंच लोक 'रेडिओत ऐकलं' म्हणून सांगायचे. बातम्या संपल्यावर कोणी कोणाच्या सुनेबद्दल बोललं तरी दुसऱ्या दिवशी विहिरीवर ते रेडिओतलं होऊन जायचं. बॅटरी उतरलेली असली तरी लोक त्याच वेळेला येऊन बसत, तंबाखू मळत, बोलत, आणि घरी जाऊन सांगत की रेडिओ ऐकून आलो. मला याची गंमत वाटायची. खरं सांगायचं तर थोडी फुशारकीही वाटायची.

अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा आणि पावसाळा आमच्या भागात फार वाईट गेला. निजामाच्या बाजूच्या, गणवेशातल्या हत्यारबंद टोळ्या गावं लुटत हिंडत होत्या. तुमचे आजोबा गुरं घेऊन सरहद्दीपलीकडे वाशिमला गेले होते. घरात मी, तुमचे वडील पाळण्यात, आणि माझे धाकटे दीर. रेडिओ आम्ही ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवला होता. मळ्यात राहणारे एक शेतकरी आमच्याकडे नेहमी येत, त्यांना मी मळ्यातले काका म्हणायची. त्यांच्या बहिणीचं घर त्या उन्हाळ्यात जळालं. बहीण लेकरं घेऊन त्यांच्याकडे आली, ती अंगावरच्या लुगड्यानिशी. पुढचं वाचताना हे विसरू नका. त्या माणसाला भ्यायला कारण होतं.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. आम्ही रेडिओ कणगीतून काढला. त्याच्या जाळीत ज्वारीचे दाणे अडकले होते, ते आवाजाबरोबर थरथरायचे. तीन दिवस ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मग बॅटरी उतरली. पाळी मळ्यातल्या काकांची होती. ते गाडी घेऊन हिंगोलीला गेले, तर कारखाना बंद, मजूर पांगलेले. त्यांनी बॅटरी तिथल्या मिस्त्रीच्या घरी ठेवली आणि रिकाम्या गाडीनं परतले. वहीत मी त्या तारखेपुढे 'बॅटरी हिंगोलीला' असं लिहिलं आणि पुढे रोज तेच लिहीत गेले.

ओसरी मात्र रोज भरत राहिली. तिसऱ्या दिवशी वाशिमहून आलेल्या एका माणसाबरोबर तुमच्या आजोबांनी एक शिळं इंग्रजी वर्तमानपत्र पाठवलं. मी ते वाचून दाखवलं. त्यात कुठल्याशा दूरच्या शहरात कापसाच्या गठ्ठ्यांत लपवलेल्या बंदुका सापडल्याचं छापलं होतं. माझे दीर थट्टेखोर. ते म्हणाले, "मग आपल्या चाचाच्या घरात तर तोफ निघंल. कापूस छपराला लागलाय." सगळे हसले. मीही हसले. चाचा त्या दिवशी नव्हता, नाहीतर तोही हसला असता असं मला वाटलं. ओसरीवर मळ्यातले काकाही होते.

पाच दिवसांनी भांडी घासायला येणारी बाई उंबऱ्यावर थबकली. तिचा चेहरा उतरलेला होता.

"बाई, तुमच्या रेडिओत चाचाचं नाव आलं म्हनं," ती म्हणाली. "त्याच्या कापसात बंदुका हायेत म्हनं. उद्या सकाळी मानसं जानार हायेत, घराची झडती घ्याया. कापूस पेटवून देनार म्हनत्यात."

मी तिला खाली बसवलं आणि विचारलं की हे तिला कोणी सांगितलं. तिला सांगितलं होतं पुसेगावच्या तिच्या भावजयीनं, बाजारात भेटली तेव्हा. भावजयीला तिच्या नवऱ्यानं. नवऱ्याला आमच्याच गावच्या एका सोयऱ्यानं, आणि तो सोयरा त्या थट्टेच्या दिवशी आमच्या ओसरीवर बसून गेला होता. बातमी आमच्या घरातून निघून पुसेगावला जाऊन आमच्याच घरी आली होती. येताना तिनं बंदुका आणल्या होत्या. मी वहीत पहिला रकाना भरला, दुसरा भरला. तिसऱ्या रकान्याशी आल्यावर माझा हात थांबला.

तशीच मी मागच्या बोळानं चाचाच्या घरी गेले. आमच्या घरची सून दिवसाढवळ्या अशी बोळातून एकटी जात नसे, म्हणून वाटेत दोघी-तिघींनी पाहिलं. चाचाची बायको एक बोचकं बांधत होती. चाचा कापूस पिंजायच्या धनुकलीशी बसला होता, पण तार वाजत नव्हती. खोलीत भिंतीपासून छपरापर्यंत कापसाची गाठोडी रचलेली होती. दसऱ्याच्या आधी सगळं गाव त्याच्याकडे जुन्या गाद्या-रजया आणून टाकायचं. प्रत्येक गाठोडं त्या त्या घरच्या फाटक्या लुगड्यात बांधलेलं. चाचाला लिहिता येत नव्हतं. गाठ कशी मारली आहे आणि लुगडं कोणतं, एवढ्यावर तो सगळ्या घरांचा कापूस वेगळा ठेवायचा, आणि कधी एकाचा दुसऱ्यात गेला नाही.

मी म्हणाले, "चाचा, हे आमच्या ओसरीवरून निघालं."

"मालूम हाय मला," तो म्हणाला. "बाई, घराची झडती घ्या म्हनावं, मी आडवा येनार न्हाई. फक्त कापूस पेटवू नका म्हनावं. लोकायचा हाय. थंडी दोन महिन्यांवर आली."

घरी येऊन मी दिरांना सांगितलं. ते उठून तडक पारावर गेले आणि दिवेलागणीला परत आले, तेव्हा त्यांच्या तोंडावर रंग नव्हता. त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं की ते मीच बोललो, थट्टा होती, रेडिओत काही आलं नाही. कोणी ऐकेना. मळ्यातले काका त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते की तुम्ही मऊ काळजाचे, म्हाताऱ्याला वाचवायला पाहता, पण रेडिओत आलेलं तुम्ही कसं झाकणार.

"वहिनी," दीर म्हणाले, "मीच बोललेलं मलाच परत घेऊ देईनात."

सकाळी मी वही घेतली, बाळाला शेजारणीकडे दिलं आणि दिरांच्या मागे चाचाच्या घरापुढे गेले. वीस-पंचवीस माणसं होती. काही पुसेगावची, पण बहुतेक आमचीच. दोघांच्या हातात काठ्या होत्या, एकाच्या हातात रॉकेलची बाटली. बाटलीवाला रोज आमच्या ओसरीवर खांबाला टेकून बसायचा. मला पाहून त्यानं बाटली मागे धरली. माझा पदर डोक्यावरून सरकत होता आणि दोन्ही हातांत वही असल्यानं मला तो सावरता येत नव्हता.

मळ्यातले काका पुढे आले. "बाई, तुमी काहून आल्या? तुमी घरी जा. हे आमी पाहून घेतो."

"तुम्ही काय पाहणार, काका?"

"रेडिओत आलंय. चाचाच्या कापसात हत्यारं हायेत."

"तुम्ही स्वतः ऐकलं?"

"व्हय तर. तुमच्या ओसरीवर बसून. खोटं काहून सांगू?"

"कोणत्या दिवशी?"

त्यांनी बोटं मोजली. "आज सहावा दिस आसंल. का पाचवा."

मी वही उघडून ते पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण लोकांना दिसावं म्हणून धरलं. मग विचारलं, "काका, बॅटरी कुठं आहे?"

"हिंगोलीला," ते लगेच म्हणाले. "मिस्त्रीच्या घरी. मीच त घेऊन गेलतो."

"कधी?"

ते उत्तर द्यायला लागले आणि मध्येच थांबले. मी कधी विसरणार नाही असा तो चेहरा होता. नऊ दिवसांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हातांनी बॅटरी गाडीत ठेवली होती, चाचानं केलेल्या गादीवर. मिस्त्रीच्या ओट्यावर ती गादीसकट उतरवली होती. आणि तरी बॅटरी नसलेल्या रेडिओत त्यांनी चाचाचं नाव ऐकलं होतं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ते खरोखर ऐकल्यासारखं आठवत होतं.

मागून कोणीतरी फुसकन हसलं. काकांनी वळून पाहिलं तसं ते बंद झालं.

"मंग बोललं कोन?" त्यांनी विचारलं.

"भाऊजी बोलले," मी म्हणाले. "चेष्टेनं. काल त्यांनी तुम्हाला सांगितलंच. आणि मी हसले. तुम्हीही हसलात, काका. तुम्ही माझ्यासमोर बसला होता."

पण त्यांची भीती एवढ्यानं जाणारी नव्हती. ते म्हणाले, "रेडिओ आसो नसो. कापूस पाहूनच जाऊ."

तेव्हा चाचा दारात आला. त्यानं आत जाऊन एक गाठोडं आणलं आणि ज्याच्या घरचं होतं त्याच्या पायाशी ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. लुगडं पाहूनच माणसं आपापलं ओळखत होती. कोणाच्या आईचं हिरवं, कोणाच्या बायकोचं बाळंतपणातलं. रॉकेलची बाटली धरलेल्यापुढे त्याच्या आजीच्या रजईचा कापूस आला. त्यानं बाटली भिंतीशी ठेवली आणि दोन्ही हातांनी गाठोडं घेतलं. जे पेटवायला आले होते त्यांच्या घरची थंडीची अंथरुणं ती. गाठी सोडायला चाचा कोणालाच म्हणाला नाही. तरी दोघांनी सोडल्या, हात घालून चाचपलं. कापूस निघाला, आणि एका गाठोड्यात एक हरवलेला लाकडी चमचा.

काकांचं गाठोडं शेवटी आलं. ते लहान होतं. बहिणीच्या लेकरांसाठी त्यांनी श्रावणात घरातल्या दोन जुन्या उशा फोडून दिल्या होत्या, एक रजई करायला. ते गाठोडं मांडीवर घेऊन काका खाली बसले. मग उठून ते परत चाचाच्या हातात दिलं.

"मऊ करा बराबर," ते म्हणाले. "लेकरायला टोचू नये."

"दसऱ्याच्या आत देतो," चाचा म्हणाला.

सगळ्यांनी तसं केलं नाही. चार घरांनी आपला कापूस त्याच दिवशी उचलून नेला, आणि त्या थंडीत त्यांची माणसं ढेकळासारख्या गाद्यांवर झोपली. पुसेगावची माणसं निघून गेली. गावाच्या वेशीपर्यंत जाऊन त्यातल्या एकानं मागे वळून विचारलं की मग रेडिओत नक्की काय आलं होतं.

आठ-दहा दिवसांनी बॅटरी भरून आली. त्याच आठवड्यात जवळा बाजार या गावाहून एक पाहुणा आमच्याकडे आला आणि आमच्याच ओसरीवर बसून त्यानं आम्हाला सांगितलं की तुमच्या बाजूच्या एका पिंजाऱ्याकडे सात बंदुका सापडल्या, रेडिओत आलं होतं. मी आतून वही घेऊन येईपर्यंत मळ्यातले काकाच त्याला विचारत होते, "तुमी पायल्या का? मंग कोनी पायल्या? त्याचं नाव सांगा, बाई लिहून घेतील." पाहुणा वैतागला आणि जेवून लवकर निघाला.

हे सगळं चांगलं संपलं असं मी तुम्हाला लिहू शकत नाही. चाचा त्यानंतर आमच्या ओसरीवर कधी बसला नाही. दसऱ्याला गादी आली, पण त्याची बायको घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेरून देऊन गेली. मी एकदा त्याच्याकडे जाऊन सांगितलं की हसायला नको होतं. तो धनुकली थांबवून म्हणाला, "थट्टाच होती, बाई. मी आसतो तर मी बी हसलो आसतो." मग तार पुन्हा वाजायला लागली. दोन वर्षांनी ते दोघं हिंगोलीला मुलीकडे राहायला गेले. गावाचा कापूस त्यानंतर कोणी तसा पिंजला नाही.

मी माझ्या ओसरीची शिस्त बदलली. बॅटरी नसेल त्या दिवशी रेडिओवर पांढरं फडकं टाकायची. बातम्या संपल्या की आतून मोठ्यानं सांगायची की रेडिओ संपला, यापुढे जे बोलाल ते तुमचं. पहिले काही दिवस त्यावर कोणी बोलेचना, नुसते बसून राहायचे. मग हळूहळू बोलायला लागले, पण थोडं जपून. दिरांना ते फार जड गेलं.

धाकटे, तुझ्या केंद्रावर बातम्या संपल्यावर मंडळी चहा पीत बसत असतील. त्या गप्पांकडेही लक्ष ठेव.

रेडिओची पेटी अजून आहे. आतलं सगळं काढून टाकलं आहे, तिच्यात मी सुईदोरा ठेवते. वही कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे. त्या दिवसाच्या पानावर पहिल्या रकान्यात चाचाच्या बंदुका आहेत, दुसऱ्यात 'आमची ओसरी' असं लिहिलं आहे आणि तिसऱ्यात कोणाचंच नाव नाही. त्याखाली पेन्सिलीनं 'मी हसले' एवढं लिहिलं आहे. चाचानं दिलेली शेवटची गादी, आम्लानं भोकं पडलेली, वहीखाली अंथरलेली आहे.